दोनच नावांची जागा

सद्दुल बतुकम्माच्या दिवशी, फुलांचे थर रचून केलेली देवी तळ्यात सोडायच्या दिवशी, हनमकोंड्यातल्या प्रत्येक घरात एक तरी माहेरवाशीण असते. गुंडेट्यांच्या घरात मंजुळा होती. गोदावरीखणीहून पहिल्या बसनं ती आली, आल्याआल्या पदर खोचून ओसरीवर बसली आणि तरवडाची पिवळी फुलं निवडता निवडता तिनं अख्ख्या घराला कामाला लावलं. कुरडूचे तुरे कुणी रंगवले, गुलाबी कच्चा का राहिला, झेंडू असा चेंगरलेला कुठून आणला, सगळ्यांची झाडाझडती झाली.

शिरीषा तिच्यासमोर बसून देठ कापत होती. खरं तर तिनं आज इथं असायलाच नको होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, या दिवशी ती सिरिसिल्ल्याला आईकडे असायची. पण शुक्रवारी सासऱ्यांच्या हृदयाच्या तीन नसा बंद निघाल्या आणि हैदराबादहून निघालेली गाडी थेट हनमकोंड्याला आली. कुणी तिला आईकडे जाऊ नको म्हटलं नव्हतं. जा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

सासरे राजलिंगम ओसरीवरच बाजेवर पडून होते. आत पडून राहायला त्यांनी साफ नकार दिला होता. जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही आणि रागवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा, "पहिल्या दोन गोष्टी जमतील," असं ते डॉक्टरांनाच सुनावून आले होते. चाळीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांच्या जळलेल्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळली होती. आता हात रिकामे होते, तर धोतराच्या सोग्याचा दोरा काढून बोटाभोवती गुंडाळत होते.

थोरला मुलगा सदानंदम फोन कानाला लावूनच बाहेर आला. "हो, हो, आज पाठवतो," म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं शिरीषाकडे पाहिलं.

"शिरीषा, ते विम्याचं कार्ड पाठव बाई. हॉस्पिटलचा तिसरा फोन आला. गुरुवारी सकाळी ऑपरेशन धरलंय, त्याआधी कंपनीची मंजुरी यायला लागते म्हणे."

"पाठवते बावा," शिरीषा म्हणाली. देठाबरोबर तिनं फुलही कापलं.

"शुक्रवारी पण पाठवते म्हणाली होतीस."

"शुक्रवारी उशीर झाला होता. मग शनिवार-रविवार ऑफिस बंद."

"आणि काल?"

काल काय सांगितलं होतं ते शिरीषाला आठवेना. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. रंजित खांबाला टेकून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याच्या फोनचा पडदा काळा होता. तो काहीच बघत नव्हता.

"अरे, करेल ती," कनकम्मा आतून ताट घेऊन येत म्हणाली. चिंचेच्या भाताचा वास तिच्याबरोबर बाहेर आला. "माझ्या सुनेचं कार्ड काय ऐरंगैरं आहे? त्या शेजारच्या अनसूयक्काला मी सांगून आले, आम्हाला एक रुपया सुटायचा नाही. सून म्हणून सून केली नाही मी, लक्ष्मी आणली."

"आजकालच्या पोरांचं बरं आहे," मंजुळा म्हणाली. "पगार विचारायच्या आधी कार्ड विचारतात."

"आमचा कुमारस्वामी तेच करून गेला," राजलिंगम बाजेवरून म्हणाले. "अकरा वर्षं माझ्या हाताखाली. म्हटलं, पंपवाले किती जास्त देणार रे? म्हणाला, पगार तेवढाच आहे शेठ, पण कार्ड देतात, त्यात आईचं नाव घालता येतं. मी म्हटलं, तुझी आई आजारी पडली तर मी मेलो होतो का? म्हणाला, तुम्ही द्यालच हो, पण मला मागावं लागेल."

"माजलीत," मंजुळा म्हणाली.

"मी पण त्या दिवशी असंच म्हटलं होतं," राजलिंगम म्हणाले आणि दोरा गुंडाळत राहिले.

शिरीषा पाणी प्यायचं निमित्त करून आत गेली. थोड्या वेळानं रंजित मागोमाग आला. धान्याच्या कणग्यांच्या खोलीत दोघं उभी राहिली.

"किती वेळ आहे?" त्यानं विचारलं.

"सहापर्यंत."

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, ते तिच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. वर्षातून एकदा, पंधरा दिवस, कंपनी आरोग्य विम्याची नावं बदलू देते. आज शेवटचा दिवस. उद्या पहिली तारीख, उद्यापासून नवं वर्ष. नवरा, मुलं हवी तेवढी. मोठ्या माणसांची मात्र एकच जोडी. आई-वडील किंवा सासू-सासरे. एक इकडचा आणि एक तिकडचा असंही चालत नाही. चहाच्या टेबलावर पोरीपोरी त्यावर हसायच्या, कुणाची सासू जिंकली म्हणून. शिरीषाही हसायची. जास्त पगाराची नोकरी सोडून ती या कंपनीत आली ती या एका ओळीसाठी. मुलाखतीत तिनं पहिला प्रश्न तोच विचारला होता, आणि समोरच्या बाईनं तो रोज ऐकत असल्यासारखं उत्तर दिलं होतं.

"बदल ना," रंजित म्हणाला. "एक वर्षाचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी परत तुझ्या नायनाचं नाव टाकू."

"वर्षभर माझ्या नायनाचं डायलिसिस कोण करणार?"

"करू काहीतरी. सरकारी दवाखान्यात होतं ना?"

"तिथं नंबर लागायची वाट बघताना काय झालं होतं विसरलास? फुप्फुसात पाणी भरलं होतं. तूच उचलून गाडीत घातलं होतंस त्यांना." तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. "आठवड्यातून तीनदा लागतं त्यांना मशीन. एकदा चुकलं की सुजतात. तुला माहीत आहे सगळं."

"आणि माझ्या बापूच्या तीन नसा बंद आहेत, ते?"

चार दिवस शिरीषा याचंच उत्तर शोधत होती.

"तू का सांगितलंस त्यांना?" ती शेवटी म्हणाली. "त्या संक्रांतीला. सगळ्यांच्या समोर. 'बापू, आता काळजी नाही, तुमची दोघांची नावं आहेत शिरीषाच्या कार्डावर.' कुणी विचारलं होतं तुला?"

रंजितनं कणगीवरची धूळ बोटानं पुसली. "अन्ना म्हणाला होता, हैदराबादला एवढा मोठा इंजिनियर, मग घरासाठी काय केलंस? मी कंत्राटावर आहे, मलाच कार्ड नाही, हे सांगायचं होतं का मी? भावोजी बसले होते तिथं."

"नंतर सांगेन म्हणाला होतास."

"सांगणारच होतो."

"पावणेदोन वर्षं झाली, रंजित."

रागवावं म्हटलं तरी शिरीषाला त्याची दया येत होती आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. फॉर्म भरताना हाच माणूस शेजारी बसून चिवडा खात होता. 'टाक तुझ्या आई-वडलांची नावं, त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे,' असं म्हणाला होता. ते तो मनापासून म्हणाला होता, हेही तिला माहीत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सिरिसिल्ल्याहून आई.

"तू यायची नाहीस म्हणून तुझ्या वाटणीची बतुकम्मा मीच रचली," आई म्हणाली. "जरा कलली आहे. शेजारणी हसतायत. व्याहीबुवा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"त्यांना जप. आमची काळजी करू नको. थांब, नायना बोलतात."

"बिड्डा!" वडलांचा आवाज आज मोकळा होता. मशीनवरून उठल्यावर दोन-तीन तास तो असा असायचा. "आज रक्त धुऊन, पिळून, वाळत घालून दिलं बघ त्यांनी. इस्त्रीच राहिली. तिथली नर्स म्हणते, तुमची मुलगी कुठं असते? म्हटलं, माझी मुलगी या कार्डात असते."

शिरीषानं तोंडावर हात दाबला. रंजितला ऐकू गेलं होतं. तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत उभा राहिला.

"जेवलात का?" एवढंच तिला विचारता आलं.

बाहेर आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पितळी ताटातली बतुकम्मा गुडघाभर उंच झाली होती. मंजुळा एकेक थर लावत होती, थोरली जाऊ स्वरूपा तिच्या हातात फुलं देत होती. स्वरूपा या घरात बारा वर्षं होती आणि बारा वर्षांत तिनं फुलं देण्यासारखीच कामं केली होती. शेजारी लहान ताटात जोडीची धाकटी बतुकम्मा तयार होती.

"सापडलं का कार्ड?" सदानंदमनं विचारलं. या वेळी आवाजात धार होती. "का मी स्वतः फोन करू तुमच्या कंपनीत? नंबर दे."

शिरीषा उंबऱ्याशीच उभी राहिली. मागं रंजित होता. तो बोलेल म्हणून ती थांबली. एक, दोन, तीन, चार, एवढे आकडे तिनं मनात म्हटले.

"बावा, त्या कार्डावर मामय्यांचं नाव नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? चुकून राहिलं?"

"चुकून नाही. माझ्या आई-वडलांची नावं आहेत. पहिल्यापासून."

मंजुळाच्या हातातला कुरडूचा तुरा खाली पडला. कनकम्मा ताट पुसत होती, ती पुसतच राहिली. तिला अजून उलगडा झाला नव्हता.

"नाव नाही म्हणजे काय गं?" कनकम्मा म्हणाली. "मग आपलं कार्ड कुठलं?"

"आपलं कार्डच नाही, अव्वा!" मंजुळा उठूनच उभी राहिली. "ऐकलंस का? लक्ष्मी आणलीस ना? लक्ष्मीनं सगळं माहेरी नेऊन ठेवलंय! दोन वर्षं आम्हाला झुलवलं. अव्वा गल्लीभर माझी सून, माझी सून करत फिरत होती आणि ही तोंडावर हसत होती. आम्हाला सांगायची तरी लाज वाटली नाही तुला?"

"वदिना, सांगायचं होतं..."

"कधी? बापूला तिरडीवर बांधल्यावर?"

"मंजुळा!" सदानंदम ओरडला, पण तोही शिरीषाकडेच वळला. "मी फॉर्मवर लिहून आलोय, विमा आहे म्हणून. त्या डॉक्टरनं मोठं हॉस्पिटल धरलं ते त्या जोरावर. आता काय तोंड दाखवू? तू रोज उद्या-उद्या करत होतीस, बाई. एक दिवस आधी सांगितलं असतंस तर मी चार ठिकाणी हातपाय मारले असते."

ते मात्र खरं होतं. शिरीषाला बाकी सगळ्यापेक्षा तेच लागलं. चार दिवस ती भीत होती आणि त्या भीतीचे चार दिवस मामय्यांच्या वाट्याचे होते.

"अजून बदलता येतं," रंजित एकदम म्हणाला. "सहापर्यंत. बापूचं आणि अव्वाचं नाव टाकलं की उद्यापासून चालू."

"मग बसलीस काय?" मंजुळा म्हणाली. "बदल की! सासर सोडून माहेरची नावं घालतात का कुणी? कुठल्या जगात झालंय असं?"

तेव्हा स्वरूपा बोलली. हातातलं फूल तिनं टोपलीत परत ठेवलं.

"मंजुळा वदिना, एक विचारू? तुमचे यजमान खाणीत आहेत, त्यांच्या दवाखान्याच्या कार्डावर कुणाची नावं आहेत?"

"कुणाची म्हणजे? त्यांच्या आई-वडलांची."

"आपल्या बापूंचं नाव घाला असं तुम्ही त्यांना कधी म्हणालात?"

"ते कसं चालेल? त्यांची नोकरी, त्यांचे आई-वडील..." मंजुळा बोलता बोलता थांबली.

"तेच विचारत होते," स्वरूपा म्हणाली.

सदानंदम बायकोकडे बघतच राहिला. मंजुळाचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "तू पण तिचीच बाजू घे," असं काहीतरी पुटपुटत ती फोन घेऊन तरातरा अंगणाबाहेर गेली.

"स्वरूपा," बाजेवरून आवाज आला. सगळेजण राजलिंगमांना विसरलेच होते. "माझी वेढ्यांची वही आण. आत माझ्या उशाखाली आहे."

ही वही घरात सगळ्यांना ठाऊक होती. कुठल्या मोटरीला किती वेढे, कुठल्या जाडीची तार, असं चाळीस वर्षांचं त्यांचं सगळं ज्ञान त्या काळ्याकुट्ट वहीत होतं. हॉस्पिटलातही त्यांनी ती बरोबर नेली होती. स्वरूपानं आणून दिली. राजलिंगमांनी शेवटच्या पानातून एक पाकीट काढलं आणि शिरीषाकडे धरलं.

"हे तुझं आहे. पोस्टमननं दुकानात दिलं होतं. इथलाच पत्ता लिहिलाय ना तू. मी उघडलं, माझीच चूक."

आत तिच्या कंपनीचं विमा कार्ड होतं, छापील, तिच्या आई-वडलांच्या नावांचं. आडेपु सत्तय्या. आडेपु भूलक्ष्मी. पाकिटावर तारखेचा शिक्का होता. रंजितनं घरात फुशारकी मारली त्याच्या पुढच्या महिन्याचा.

"तुम्हाला माहीत होतं?" शिरीषानं विचारलं.

"माहीत होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? तुझ्या नायनाला मशीनवर घेतलं ते आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. त्याला दुसरं कोण आहे?" राजलिंगम दम लागल्यासारखे थांबले. "खोटं तू बोलली नाहीस, बिड्डा. कोण बोललं ते त्याचं त्यानं सांगावं. मी त्याची वाट बघत होतो."

रंजित खांबापासून पुढं आला.

"मी बोललो," तो म्हणाला. "ती मला सांग सांग म्हणत होती. मला... माझ्या नोकरीत काही नाही, बापू. कार्ड नाही, वर्षाला कंत्राट बदलतं. तुमच्यासमोर मला काहीतरी असल्यासारखं दाखवायचं होतं."

"ते पण माहीत होतं," राजलिंगम म्हणाले. रागवायचं नाही हे त्यांनी पाळलं.

ताट बाजूला ठेवून कनकम्मा बाजेपाशी गेली.

"छाती कधीपासून दुखत होती?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"आत्ता-आत्ता."

"मी कधीपासून विचारलं."

"उगादीपासून."

"उगादीला तुम्ही रात्री उठून बसला होतात. मी विचारलं तर गॅस झाला म्हणालात. मी ओवा दिला. सहा महिने मी ओवा देत होते तुम्हाला! दवाखान्यात चला म्हटलं की दुकानात काम आहे म्हणायचात. का गेला नाहीत? खरं सांगा."

राजलिंगमांनी वही मिटली.

"मी सांगते. गेला असतात तर कार्ड मागितलं असतं, आणि पोराची आणि सुनेची लाज निघाली असती. म्हणून माझा ओवा खात बसलात. मोठे देवमाणूस! आणि मी कोण हो? शेजारी झोपणारी मी कोण?" ती रडत होती आणि रडताना ओरडत होती, आणि हे असं या घरात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग ती शिरीषाकडे वळली. "बदल नाव. ते काही म्हणू देत. मला चांगुलपणा नको, मला माझा माणूस हवा. बदल."

"बदलायचं नाही," राजलिंगम म्हणाले. "माझी एकदाच दुरुस्ती आहे. त्याची मोटर रोजची चालू ठेवायची आहे."

"तुम्ही गप्प बसा!"

शिरीषानं फोन उघडला. सहाला सोळा मिनिटं होती. पडद्यावर दोन चौकोन होते. आई-वडील. सासू-सासरे. एकावर आधीच खूण होती. तिला नायनाचे सुजलेले पाय दिसत होते, आणि समोर मामय्यांचं बोटाला गुंडाळलेल्या दोऱ्याखालचं पांढरं पडलेलं कातडं दिसत होतं. दोघांनीही तिला बिड्डाच, लेकच म्हटलं होतं.

"अत्तम्मा," ती म्हणाली, "मी नाही बदलणार."

कनकम्मानं डोळे मिटले.

"नाव काढलं तर परवापासून नायनाला मशीन नाही. आठवडाभर पण काढणार नाहीत ते. इथं तुम्ही पाच जण आहात. तिथं माझी आई एकटी आहे." ती रडत नव्हती, पण एकेका शब्दाला थांबत होती. "मामय्यांसाठी जे करायचं ते मी करेन. कर्ज माझ्या पगारावर काढू, दागिने विका, मला काही नको. पण हे मी नाही करणार. तुम्ही मला शिव्या द्या."

तिनं सगळ्यांच्या देखत तीच जुनी जोडी कायम केली. फोननं हिरवी खूण दाखवली आणि धन्यवाद दिले.

शिव्या कुणीच दिल्या नाहीत. सदानंदम कपाळावर हात मारून पायरीवर बसला, मग उठून फोन लावायला लागला. हॉस्पिटलात सांगायचं होतं की फॉर्मवर लिहिलेलं खोडा. रंजित त्याच्यापाशी जाऊन म्हणाला, "अन्ना, माझा घटकेसरचा प्लॉट काढू." सदानंदम म्हणाला, "परवापर्यंत प्लॉट विकतो का कुणी? आधी दुकानावर कुणी देतं का बघतो. तू चल माझ्याबरोबर. आणि आता कुठं काही बोलू नको, मी बोलतो." दोघं एकाच गाडीवर गेले.

मंजुळा परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. नवऱ्याशी काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. गळ्यातली साखळी काढून तिनं स्वरूपाच्या हातात ठेवली.

"ही बापूची आहे. म्हणजे लग्नात बापूनंच केलेली. यजमानांना विचारलेलं नाही मी," ती म्हणाली. शिरीषाकडे बघायचं तिनं टाळलं. "उचला आता. सगळ्या बायका तळ्यावर पोचल्या असतील."

उत्साह कुणालाच नव्हता. पण रचलेली बतुकम्मा घरात ठेवायची नसते. मोठी मंजुळानं डोक्यावर घेतली. स्वरूपा बापूंपाशी थांबते म्हणाली. धाकटी बतुकम्मा तशीच ओसरीवर राहिली होती. शिरीषा तिच्याकडे बघत उभी होती, आपण यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. कनकम्मानं जाता जाता ते ताट उचललं आणि न बोलता तिच्या हातात दिलं.

तळ्यावर ही गर्दी होती. फुलांचे ढीग मधे ठेवून बायका टाळ्या वाजवत फेर धरत होत्या. शिरीषा सासूच्या मागं होती. पाऊल पुढं, टाळी, पाऊल मागं. कनकम्माची टाळी आज वाजत नव्हती, नुसते हात जुळत होते. या वेळी सिरिसिल्ल्याला आईनं तिची कललेली बतुकम्मा नेली असेल, असं शिरीषाच्या मनात आलं.

फेर थांबला तशी अनसूयक्का पदर सावरत पुढं आलीच. आजूबाजूला गल्लीतल्या आठ-दहा जणी होत्या.

"कनकम्मा, गुरुवारी आहे ना ऑपरेशन? तुला काय चिंता म्हणा. सुनेचं कार्ड आहे. आमच्या सुनेला म्हटलं, शीक जरा." तिनं शिरीषाच्या गालावरून हात फिरवला. "एक रुपया सुटायचा नाही, नाही का गं?"

मंजुळा दोन हातांवर होती. तिनं मान वळवली. सगळ्या गल्लीला कळायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते वाक्य बोलायचा हक्क कनकम्माचा होता.

"कार्ड आहे," कनकम्मा म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता, पण ती मोठ्यानं बोलली. "पण त्यावर तिच्या बापाचा जीव आहे. आमच्या माणसाचं आम्ही बघू."

अनसूयक्काचा हात गालावरच राहिला. "म्हणजे? तू तर म्हणालीस..."

"म्हणाले होते. माझं चुकलं. सर बाजूला, आम्हाला पाण्याशी जायचंय."

पायऱ्या ओल्या होत्या. कनकम्मानं शिरीषाचं मनगट धरलं. माया म्हणून धरलं की घसरू नये म्हणून, ते विचारायची ही वेळ नव्हती. दोघींनी मिळून धाकटी बतुकम्मा पाण्यावर सोडली. ती एकदा गिरकी घेऊन मोठीच्या मागून निघाली. कनकम्मा बराच वेळ तिकडेच बघत होती.

"तुझ्या नायनाचं मशीन आता कधी?" तिनं न वळता विचारलं.

"गुरुवारी."

"किती वाजता?"

"सकाळी आठला बसवतात."

कनकम्मानं मनगट सोडलं नाही.

"यांनाही आठलाच आत नेणार आहेत," ती म्हणाली.